नव्या संगणकाच्या तारा व त्यांची निवड

अंबड तालुक्यांतील आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं गेल्या वर्षीं मृग बहराच्या मोसंबीचे पैसे हातीं येतांच घरांत नवा संगणक आणला. मुलगा दहावींत जाणार होता, त्याची थोरली बहीण जालन्यास महाविद्यालयांत शिकत होती. दोघांच्याहि उपयोगीं पडावा म्हणून टेबलावर ठेवावयाचा मोठा संगणकच त्यांनीं पसंत केला. दुकानदारानें खोकीं बांधून दिलीं आणि वर एका पिशवींत तारांचें भेंडोळें घातलें. घरीं आल्यावर मुलानें जी तार ज्या भोंकांत बसली ती त्यांत खोंचली, बटण दाबलें, आणि संगणक सुरूहि झाला. परंतु महिना लोटला नाहीं तोंच तीन तक्रारी उभ्या राहिल्या. पडद्यावरील अक्षरें पुसट दिसत व त्यांच्या कडांस सावली येई. इंटरनेट मोबाईलवर नीट चाले, पण संगणकावर मात्र रेंगाळे आणि मधून मधून तुटे. आणि सर्वांत वाईट म्हणजे अनवाणी उभें राहून संगणकाच्या लोखंडी पेटीस हात लावला असतां बोटांना मुंग्या येत. धाकट्या मुलीस असा झटका बसला तेव्हां आईनें संगणकावर चादर टाकली, व तो विकून टाकावा असें घरांत ठरूं लागलें. वडील शाळेंत आले ते हाच प्रश्न घेऊन. "सर, माल खोटा निघाला. आतां ते परत घेतील का हो ?"

पुढच्या रविवारीं मी त्यांच्या घरीं गेलों. दोन तास खटपट केल्यावर असें दिसून आलें कीं, संगणकांत एकहि दोष नव्हता. तिन्ही तक्रारींचें मूळ तारांत होतें, आणि तें दूर करण्यास जो खर्च आला तो एका बऱ्याशा बुटांच्या जोडाहून अधिक नव्हता. त्या दिवशीं त्या कुटुंबास जें सांगितलें तेंच येथें जरा विस्तारानें लिहीत आहें. कारण आमच्या जिल्ह्यांत दरवर्षीं कितीतरी घरीं पहिला संगणक येतो, आणि यंत्राची निवड करतांना चार ठिकाणीं चौकशी करणारे पालक तारांच्या बाबतींत मात्र 'जी मिळेल ती' घेऊन येतात.

ज्यांच्या घरीं आजोबा आहेत त्या विद्यार्थ्यांनीं त्यांना जुन्या मनमाडच्या प्रवासाची हकीकत विचारावी. जालन्यावरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद हा लोहमार्ग निजामाच्या राज्यांत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बांधला गेला, तो मीटर गेजचा. म्हणजे त्याच्या दोन रुळांमधील अंतर एक मीटर. मनमाडास मात्र मुंबईची मोठी गाडी येई, तिच्या रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर. त्यामुळें जालन्याचा उतारू मुंबईस निघाला कीं त्याला मनमाडास बोचकें डोक्यावर घेऊन गाडी बदलावी लागे, आणि मालाचीं पोतीं हमालांकरवीं एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत चढवावीं लागत. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हा मार्ग रुंद झाला आणि ती दगदग संपली. संगणकाच्या तारांचें हेंच आहे. प्रत्येक तारेविषयीं दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, तिचें तोंड या भोंकास जुळतें का. दुसरा, तिच्यांतून जो माल जावयाचा तो तिला झेपतो का. पहिल्या प्रश्नाचें उत्तर डोळ्यांना दिसतें, म्हणून तेवढ्यावरच आपण समाधान मानतों. पण रूळ जुळले म्हणजे डबा पुढें सरकेल एवढेंच; पुलाला किती वजन सोसवेल हें कांहीं रुळांच्या अंतरावरून कळत नाहीं. त्या घरांतील तिन्ही तक्रारी दुसरा प्रश्न न विचारल्यामुळें उद्भवल्या होत्या.

सर्वांत प्रथम विजेची तार घेऊं, कारण इतर तारा चुकल्या तर गैरसोय होते, ही चुकली तर जीवावर बेततें.

आपल्या घरांत येणारी वीज २३० व्होल्टची असते व ती सेकंदास ५० आवर्तनें करते. संगणकाच्या पेटींतील वीजपुरवठ्याचा भाग तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे एका दिशेनें वाहणारे प्रवाह करून देतो. (आपल्या बाजारांत त्या संबंध पेटीलाच 'सीपीयू' म्हणतात. खरें पाहतां सीपीयू हा पेटीच्या पोटांतला, चार बोटांवर मावेल एवढा एक तुकडा होय. बोलण्यांत ही चूक चालून जाते; पण दुरुस्तीच्या दुकानांत 'सीपीयू बिघडला' असें सांगण्यापूर्वीं दोनदां विचार करावा !) साधा संगणक व मॉनिटर मिळून ३०० वॅट घेतात असें धरलें तरी ३०० ला २३० नें भागतां सव्वा-दीड अँपिअरहून अधिक प्रवाह लागत नाहीं, म्हणजे भिंतीवरील नेहमींचें ६ अँपिअरचें सॉकेट त्याला पुरेसें आहे. मात्र त्याच बोर्डावर कूलर आणि इस्त्रीहि लावण्याची जी आपल्याकडे रीत आहे ती सोडावी. एकटी १००० वॅटची इस्त्रीच चार अँपिअरच्या वर घेते.

पेटीला व मॉनिटरला लागणारी तार बहुधा एकाच तऱ्हेची असते. तिच्या एका टोंकास तीन खांचांचें काळें तोंड व दुसऱ्या टोंकास तीन गोल पिनांचा प्लग. या तीन पिनांपैकीं वरची पिन हातांत घेऊन नीट पाहावी. खालच्या दोन सुमारें ५ मिलिमीटर जाडीच्या, तर वरची सुमारें ७ मिलिमीटर जाडीची आणि लांबीनेंहि अधिक. ही मुद्दाम योजना आहे. प्लग खोंचतांना ती सर्वांच्या आधीं जोडली जाते आणि काढतांना सर्वांच्या शेवटीं सुटते. ही जमिनीशीं जोडणारी पिन. हिच्या तारेंतून सर्व कांहीं सुरळीत असतां नांव घेण्याजोगी वीज वाहत नाहीं, आणि म्हणूनच कित्येक लोक तिला निरुपयोगी समजून कापून टाकतात किंवा दोन पिनांच्या अडॅप्टरांतून प्लग लावतात.

त्या मुलीच्या बोटांना मुंग्या कां आल्या याचें उत्तर या पिनेंत आहे. संगणकाच्या वीजपुरवठ्यांत विजेंतील खरखर गाळण्यासाठीं एक गाळणी बसविलेली असते. तिचे दोन लहान कपॅसिटर विजेच्या दोन्ही तारांपासून निघून लोखंडी पेटीला जोडलेले असतात. पेटी जमिनीशीं जोडलेली असेल तर त्यांतून झिरपणारा अतिसूक्ष्म प्रवाह मुकाट्यानें जमिनींत जातो. ती वाट तुटली, कीं पेटी दोन्ही तारांच्या मधोमध लोंबकळत राहते आणि तिच्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे सुमारें ११५ व्होल्ट उभे राहतात. प्रवाह इतका थोडा असतो कीं माणूस दगावत नाहीं, नुसता झिणझिण्या सोसतो. पण धोका यापुढेंच आहे. उद्यां पेटीच्या आंत एखाद्या तारेचें आवरण झिजलें व ती पत्र्यास टेंकली, तर जमिनीची वाट शाबूत असल्यास त्याच क्षणीं मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडतो किंवा खटका पडतो. ती वाट नसल्यास कांहींच घडत नाहीं, आणि पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर दबा धरून बसतात. म्हणून मुंग्या येणें हा संगणकाचा खोडसाळपणा नसून घरानें दिलेला इशारा होय.

त्या घरीं भिंतीवरचें सॉकेट तीन भोंकांचें होतें. संगणकाचा प्लगहि तीन पिनांचा होता. दोहोंच्या मध्यें मात्र आठवड्याच्या बाजारांतून आणलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड होता, आणि सारी फसगत तेथें होती. त्याच्या तोंडावर तीन भोंकें, पण मागची तार बारीक, चपटी, दोनच धाग्यांची. भिंतीकडचा प्लगहि दोनच पिनांचा. तिसरें भोंक नुसतें शोभेचें. पालकांनीं बोर्ड विकत घेतांना त्याचें तोंड न पाहतां शेपूट पाहावें: तार गोल असावी, तिच्या पोटांत तीन धागे असावेत, टोंकास तीन पिना असाव्यात, प्लग-सॉकेटांवर आय.एस. १२९३ व तारेवर आय.एस. ६९४ या भारतीय मानकांचा उल्लेख व आय.एस.आय. चिन्ह असावें.

बोर्ड बदलला; तरी मुंग्या थोड्या कमी झाल्या, गेल्या नाहींत. तेव्हां गांवांतल्या वायरमनास बोलाविलें. त्यानें आपल्या दिव्यानें भिंतींतील सॉकेट तपासलें व थेट अंगणांत जाऊन अर्थिंगचा खड्डा उकरला. आमच्या जिल्ह्यांतील बरीचशी जमीन काळी. ओल असेपर्यंत ती विजेला उत्तम वाट देते. पण वैशाखांत ती वाळून भेगाळते आणि खड्ड्यांतील पट्टीपासून सुटून जाते. म्हणून तर खड्ड्यांत मीठ व कोळसा घालतात, व वरून पाणी घालण्यास नळी ठेवतात. ज्या गांवांत माणसांच्या पिण्याचें पाणी टँकरनें येतें तेथें अर्थिंगच्या खड्ड्याची आठवण कोणाला राहावी, हेंहि खरेंच. तथापि भांडीं विसळलेलें पाणी त्याला चालतें. विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, सॉकेटांत तार घालून 'वीज येते का' हें पाहण्याचें काम वायरमनचें आहे, त्यांचें नव्हे. वायरमन आलाच आहे तर मुख्य बोर्डावर गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा खटका बसविण्याविषयीं पालकांनीं त्याला अवश्य विचारावें.

वीज जाण्याचा प्रश्न आमच्याकडे जुनाच आहे. कित्येक घरीं इन्व्हर्टर असतो आणि त्यामुळें वेगळ्या यूपीएसची गरज नाहीं असें वाटतें. परंतु साधा इन्व्हर्टर वीज गेल्यावर बॅटरीवर येण्यास जो क्षणभर वेळ घेतो तेवढ्यांत पंखा थांबत नाहीं, पण संगणक बंद पडतो. अनेक इन्व्हर्टरांवर 'यूपीएस' असें लिहिलेलें एक बटण असतें. तें त्या बाजूस करून पाहावें, आणि तरीहि संगणक बंद पडत असल्यास लहानसा यूपीएस घ्यावा. तो कांहीं मिनिटांचाच आधार. काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यापुरता. लेसर छपाईयंत्र त्याला जोडूं नये. तें तापतांना एकदम इतकी वीज ओढतें कीं यूपीएस कोलमडतो.

आतां पडद्याची तार. त्या मुलाच्या मॉनिटरला निळ्या तोंडाची, दोन बाजूंस पेंच असलेली तार लावलेली होती. ती व्हीजीए. तिचीं १५ टोंकें, आय.बी.एम. कंपनीनें १९८७ सालीं ती प्रचारांत आणली, त्या वेळच्या जाड कांचेच्या पडद्यांसाठीं. तिच्यांतून रंग हा आंकड्यांच्या रूपानें न जातां व्होल्टेजच्या चढ-उताराच्या रूपानें जातो. आजचा संगणक आंत सगळे हिशेब आंकड्यांनींच करतो आणि आजचा सपाट पडदाहि आंकडेच मागतो. म्हणजे मधल्या दीड मीटरसाठीं आंकड्यांचे चढ-उतार करावयाचे व पुन्हां चढ-उतारांचे आंकडे! या दुहेरी भाषांतरांत अक्षरांच्या कडा झिजतात. एचडीएमआय (पहिला आराखडा २००२) व डिस्प्लेपोर्ट (२००६) यांतून आंकडेच जातात, म्हणून अक्षर जसें संगणकांत असतें तसेंच पडद्यावर उमटतें.

हा माल किती आहे याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. नेहमींच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, गुणाकार २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास २४ अंक, आणि चित्र सेकंदास ६० वेळां नवें. सर्वांचा गुणाकार २९८ कोटि ५९ लक्ष ८४ हजार. एवढे शून्य-एक त्या करंगळीएवढ्या तारेंतून दर सेकंदास जातात. १८५८ सालीं अटलांटिक महासागराखालून पहिली तारायंत्राची केबल टाकली गेली तेव्हां व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोंचण्यास सोळा तास लागले होते. तार जितकी लांब तितका तिच्यांतील संकेत पसरट व मंद होत जातो, हें त्या केबलनें जगाला शिकविलें. तोच नियम टेबलावरील तारेलाहि लागू आहे. तेव्हां मॉनिटरची तार गरजेपुरतीच लांब घ्यावी. दीड-दोन मीटर पुष्कळ झाली. पांच मीटरची घेऊन तिची वेटोळीं टेबलामागें लोंबत ठेवण्यांत शहाणपणा नाहीं.

ज्यांचा पडदा 'फोर-के' म्हणतात तसा चौपट ठिपक्यांचा असेल त्यांच्यासाठीं मालहि चौपट होतो. तारेचें तोंड तेंच राहतें, पोट मात्र मोठें लागतें. तेथें तारेच्या वेष्टनावर 'प्रीमियम हाय स्पीड' किंवा त्याहून वरच्या मापाची म्हणजे 'अल्ट्रा हाय स्पीड' असे शब्द पाहून घ्यावेत. साध्या पडद्याला यांची गरज नाहीं. सोन्याचा मुलामा दिलेल्या महाग तारेनें रंग अधिक झळाळतात असें कोणी दुकानदार सांगेल. त्याला नम्रपणें नकार द्यावा. आंकडा पोहोंचला म्हणजे पोहोंचला; तो सोन्यावरून आला काय आणि पितळेवरून आला काय. तार खराबच असेल तर पडद्यावर ठिणग्यांसारखे ठिपके चमकतात वा चित्र क्षणभर काळें होतें, पण अक्षरें 'थोडीं पुसट' होत नाहींत. पुसटपणा हा व्हीजीएचा रोग.

आणि त्या घरांतली मौज अशी कीं, एचडीएमआयची तार मॉनिटरच्या खोक्यांतच होती ! थर्माकोलच्या खांचेंत, प्लॅस्टिकच्या पिशवींत, न उघडलेली. दुकानदारानें दिलेली जुनी तार आधीं हातीं लागली म्हणून मुलानें ती लावली, आणि खोकें माळ्यावर गेलें. नवीन तार लावतांच मुलाची बहीण जवळ येऊन वाचूं लागली व म्हणाली, "मला वाटलं माझाच चष्म्याचा नंबर वाढला." या एका वाक्यानें मला त्या महिन्याभरांतलें तिचें वाचन कसें झालें असेल याची कल्पना आली.

ज्यांनीं खेळासाठीं वा चित्रकामासाठीं वेगळें ग्राफिक्स कार्ड घेतलें असेल त्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. पेटीच्या मागें एचडीएमआयचें भोंक दोन ठिकाणीं दिसेल: एक वर, इतर भोंकांच्या गर्दींत; दुसरें खालीं, आडव्या पट्टीवर. खालचें कार्डाचें. तार वरच्या भोंकांत लावली तर कार्डाचे हजारों रुपये पेटींत स्वस्थ निजून राहतात. अशा तक्रारी मीं एकाहून अधिक वेळां पाहिल्या आहेत.

दोन निराळीं तोंडें जोडण्यासाठीं जे अडॅप्टर मिळतात ते आपलें मनमाड स्टेशन होय. पण येथें हमाल एकाच दिशेनें माल वाहतो. एचडीएमआयवरून व्हीजीएकडे नेणारा अडॅप्टर उलट बाजूनें लावून चालत नाहीं. डिस्प्लेपोर्टच्या संगणकावरून एचडीएमआयच्या पडद्याकडे जाणारी स्वस्त तार बहुधा चालते, परंतु तीच एचडीएमआयच्या संगणकाला लावून डिस्प्लेपोर्टचा पडदा उजळेल ही आशा व्यर्थ. दुकानांत 'कोठून' आणि 'कोठें' हे दोन्ही शब्द उच्चारून तार मागावी.

कळफलक, माऊस, छपाईयंत्र, पेन ड्राईव्ह या सर्वांचें एकच तोंड म्हणजे यूएसबी. १९९६ पूर्वीं या प्रत्येकाचें भोंक निराळें असे. तें एक करण्याच्या कामीं इंटेल कंपनींतील ज्या अभियंत्यांचें नांव घेतलें जातें ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. आणि ज्या सयाजीरावांचें नांव त्या विद्यापीठास आहे त्यांचा जन्म आपल्या नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवचा. असो. पेटीवरील काळ्या वा पांढऱ्या जिभेचीं भोंकें बहुधा जुन्या मापाचीं, सेकंदास ४८ कोटि अंकांपर्यंत नेणारीं. निळ्या जिभेचीं नव्या मापाचीं, ५०० कोटींचीं. कळफलक व माऊस यांना काळें भोंक भरपूर झालें. निळें भोंक बाहेरच्या डिस्कसाठीं राखावें. बिनतारी माऊसचें बोटभर यंत्र निळ्या भोंकांतील डिस्कच्या अगदीं शेजारीं लावूं नये. त्या वेगवान वाहतुकीची खरखर माऊसच्या लहरींत मिसळते आणि बाण पडद्यावर अडखळतो. दोन्ही बाजूंनीं उलटसुलट बसणारें जें नवें 'सी' तोंड २०१४ पासून आलें आहे त्यांत २४ टोंकें मावतात. परंतु मोबाईलबरोबर येणाऱ्या कित्येक तारांत त्यांतलीं थोडींच जोडलेलीं असतात. अशा तारेनें मोबाईल भरतो, पण तीच तार मॉनिटरला लावली तर पडदा काळाच राहतो. बोर्डाच्या तीन भोंकांची जी गोष्ट, तीच ही.

ध्वनीविषयीं फार लिहावयास नको. हिरव्या भोंकांत कर्णे किंवा कानांतले, गुलाबी भोंकांत बोलण्याचा माइक. रंग १९९९ सालच्या एका सर्वमान्य संकेतानें ठरले आहेत.

राहिली तिसरी तक्रार, इंटरनेटची. गांवांत आतां कांचेच्या धाग्याची केबल येते. ती पुढच्या खोलींतल्या राउटरपर्यंत. तेथून मुलानें मधल्या दारावरून संगणकापर्यंत एक निळी तार ओढली होती. या तारेच्या पोटांत आठ धागे असतात, आणि ते सुटे नसून दोन-दोनांच्या चार वेण्या घातलेल्या असतात. दोन धागे एकमेकांभोवतीं पिळले कीं बाहेरून येणारी खरखर दोघांवर सारखीच पडते व वजाबाकींत नाहींशी होते. ही युक्ति अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें १८८१ सालीं टेलिफोनसाठीं काढली. ती आजहि तशीच चालू आहे. सेकंदास १०० कोटि अंकांचा वेग हवा असेल तर चारहि वेण्या शाबूत लागतात. दोन विशिष्ट वेण्या शाबूत राहून उरलेल्यांपैकीं एखादी तुटली, तर संगणक व राउटर आपसांत तडजोड करून १० कोटींवर उतरतात, आणि आपल्याला कांहीं कळवीत नाहींत. त्या घरीं रोज दार लागतांना ती तार चौकटींत चिरडत होती. प्लग टकटकीत नवा, आठहि पितळी पट्ट्या चकाकणाऱ्या, आणि पोटांत एक वेणी कधीं जुळे, कधीं सुटे. नवी तार भिंतीच्या कडेनें, दाराच्या वरून, चौकटीला भोंक पाडून नेली तेव्हां तक्रार मिटली.

ही तार विकत घेतांना तिच्या अंगावर 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' असें छापलेलें असावें. घरांत दोहोंपैकीं कोणतीहि चालते, आणि १०० मीटरपर्यंत काळजी नाहीं. जपावयाचें तें दुसऱ्याच गोष्टीस. बाजारांत तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा अर्ध्या किमतींत मिळतात. त्या ठिसूळ असतात, दोन-चार वेळां वांकविल्या कीं आंतल्या आंत तुटतात. दुकानदाराकडे तुकडा मागून एका धाग्यास चाकूनें खरवडावें. आंत पांढरें निघालें तर ती तार ठेवून द्यावी.

या सर्वांस एकंदर क्रम असा ठेवावा: प्रथम पडद्याची तार, मग कळफलक व माऊस, मग इंटरनेट, आणि विजेचा प्लग सर्वांत शेवटीं. पेंच असतील ते घट्ट करावेत. प्रत्येक तारेला चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळून त्यावर नांव लिहावें. सहा महिन्यांनीं धूळ झाडतांना स्वतःलाच आशीर्वाद द्याल.

मृगाच्या आधीं मराठवाड्यांत जे वळवाचे पाऊस होतात त्यांत विजा फार पडतात. ढग गडगडूं लागले कीं नुसतें बटण बंद करून भागत नाहीं. प्लग भिंतींतून उपसावा, आणि इंटरनेटची तारहि संगणकांतून काढावी. कांचेच्या धाग्यांतून वीज येत नाहीं हें खरें, परंतु राउटरला विजेचा प्लग आहे आणि राउटरपासून संगणकापर्यंत तांबें आहे. ढग येण्याआधींच हें उरकावें. वीज चमकत असतां प्लगला हात लावण्यास धांवूं नये.

परवां पालकसभेस ते गृहस्थ भेटले. संगणक चालू आहे. मुलीनें महाविद्यालयाचा प्रकल्प त्यावरच पुरा केला. झटका बसलेली धाकटी आतां पेटीवर हात टेंकून भावाच्या मागें उभी राहते, आणि दर रविवारीं सकाळीं अंगणांतल्या त्या नळींत एक बादली पाणी ओतण्याचें काम तिनें आपल्याकडे घेतलें आहे.